‘मी सँडी’ की ‘ती सँडी’: एका ट्रिब्यूट शोचे प्रकरण

पुढील प्रकरण इंग्लंडमधील एका छोट्या फिरत्या संस्थेने केलेल्या ट्रिब्यूट शोचे, म्हणजे दिवंगत गायिकेला आदरांजली म्हणून तिची गाणी सादर करणाऱ्या कार्यक्रमाचे आहे. संस्थेचे, कलाकारांचे आणि सभागृहांचे नाव दिलेले नाही, आणि ज्यावरून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्या गायिकेवर कार्यक्रम होता तिचे, म्हणजे सँडी डेनीचे, नाव मात्र लपवलेले नाही, कारण तिच्या आयुष्यातील प्रत्यक्ष घटना वगळल्या तर निर्णयांमागची कारणेच उरत नाहीत.

पार्श्वभूमी

सँडी डेनीचे नाव मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच परिचित असेल, पण लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा १९७१ चा चौथा अल्बम ज्यांनी ऐकला आहे त्यांच्या कानावर तिचा आवाज गेलेला असतो. त्यातील एका गाण्यात बँडचा गायक रॉबर्ट प्लँट याला उत्तर देणारा स्त्रीस्वर तिचा आहे. ६ जानेवारी १९४७ रोजी लंडनमध्ये जन्मलेली आणि विंबल्डनमध्ये वाढलेली सँडी किंग्स्टनच्या कलाशाळेत असताना फोक म्हणजे लोकसंगीताच्या क्लबांतून गाऊ लागली, सोहोमधल्या ‘लेस कझन्स’सारख्या तळघरातील क्लबांत तिचे नाव झाले आणि १९६८ मध्ये ती फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडमध्ये दाखल झाली. १९६९ या एकाच वर्षात बँडचे तीन अल्बम तिच्या आवाजासह प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील तिसऱ्या अल्बमने जुनी इंग्रजी व स्कॉटिश कथागीते इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स आणि व्हायोलिनच्या साथीने मांडून ब्रिटिश फोक-रॉकला त्याचे ओळखीचे रूप दिले. पुढे फॉदरिंगे हा स्वतःचा बँड, चार एकल अल्बम, मध्ये काही काळ फेअरपोर्टमध्ये पुनरागमन, ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे सर्वोत्तम ब्रिटिश गायिका म्हणून केलेली निवड, आणि २१ एप्रिल १९७८ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, डोक्याला झालेल्या इजेमुळे मृत्यू.

अशा आयुष्यावर कार्यक्रम करावा असे कोणालाही वाटेल. या संस्थेत एक निर्माती, संहिता लिहिणारा दिग्दर्शक, एक मुख्य गायिका आणि चार वादक होते. गावोगावची कम्युनिटी सभागृहे आणि लहान कलाकेंद्रे हे त्यांचे नेहमीचे क्षेत्र. श्रोते बहुतांशी साठीच्या पुढचे, आणि त्यांतील काहींनी सँडीला प्रत्यक्ष ऐकलेले. मध्यंतरासह दोन अंकांचा कार्यक्रम करायचा, गाणी तिची आणि फेअरपोर्टची घ्यायची, आणि आयुष्य काळाच्या क्रमाने सांगायचे, इतके सुरुवातीला ठरले होते.

दिग्दर्शकाने लिहिलेली पहिली संहिता प्रथमपुरुषी होती. गायिका सत्तरच्या दशकातील लांब झग्यात पियानोशी बसते, ‘मी सँडी’ असे म्हणून वडिलांविषयी बोलते, नवऱ्याशी भांडते, बँडच्या गाडीला झालेल्या अपघाताची बातमी ऐकते आणि शेवटी जिन्याकडे चालत जाते, अशी तिची मांडणी होती. नेपथ्यासाठी फेअरपोर्टच्या ‘अनहाफब्रिकिंग’ या अल्बमचे मुखपृष्ठ हुबेहूब उभे करायचे होते. त्यात विंबल्डनच्या घराच्या कुंपणाबाहेर सँडीचे आईवडील उभे आहेत आणि कुंपणाच्या जाळीतून मागच्या हिरवळीवर बसलेला बँड दिसतो. नाट्य म्हणून ही संहिता चांगली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. पुढे ती बाजूला पडली ती कमकुवत होती म्हणून नाही.

अडचण कोठे लक्षात आली

पहिल्या सभागृहाने आरक्षणासाठी पाठवलेल्या अर्जात एक साधा प्रश्न होता: कार्यक्रम मैफल आहे की नाटक? निर्मातीने दोन्ही चौकटींवर खूण केली, आणि व्यवस्थापकाने अर्ज परत पाठवला.

प्रश्नामागचे कारण असे. १९८८ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार रचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो; म्हणजे सँडीने स्वतः रचलेल्या गाण्यांवरील हक्क २०४८ च्या अखेरीपर्यंत शाबूत आहेत. ब्रिटनमधील बहुतेक रचनाकार सार्वजनिक सादरीकरणाचा हक्क पीआरएस या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे सोपवतात, आणि सभागृहाकडे तिचा परवाना असला की मैफलीत कोणाचेही गाणे गाता येते. लोकप्रिय संगीताच्या मैफलींसाठी २०१८ पासून तिकीट-उत्पन्नाच्या ४.२ टक्के हा दर लागू झाला. प्रत्येक गाण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही. प्रयोगानंतर गाण्यांची यादी पाठवायची, म्हणजे पैसे योग्य रचनाकाराच्या वारसांपर्यंत पोहोचतात. परंतु गाणे पात्राच्या तोंडी येऊन कथा पुढे नेऊ लागले, वेशभूषा आणि संवाद आले, की तो नाट्यमय वापर ठरतो. तेथे हा सर्वसाधारण परवाना पुरत नाही. गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाकडून थेट परवानगी घ्यावी लागते; तो संहिता मागू शकतो, रक्कम ठरवू शकतो आणि कारण न देता नकारही देऊ शकतो.

या दोहोंमधील रेषा स्पष्ट आखलेली नसते. दोन गाण्यांच्या मध्ये चार वाक्ये बोलणारा गायक मैफलीतच असतो, आणि त्याच गाण्यापूर्वी तीच चार वाक्ये ‘मी’ लावून, झगा घालून म्हटली की गोष्ट बदलते. म्हणजे संहितेतील एका सर्वनामावर संपूर्ण दौऱ्याचे अंदाजपत्रक टेकलेले होते.

याच सुमारास दोन आक्षेप आतूनही पुढे आले. निर्मातीचा आक्षेप संवादांवर होता. मृत व्यक्तीची बदनामी झाली म्हणून इंग्लंडमध्ये दावा लावता येत नाही, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने नवरा-बायकोचे भांडण कल्पनेने लिहायला अडचण नव्हती; तो नवरा, ऑस्ट्रेलियन संगीतकार ट्रेव्हर ल्यूकस, १९८९ मध्ये वारला आहे. पण १९७७ च्या जुलैमध्ये जन्मलेली त्यांची मुलगी आहे, आणि कोणीही न ऐकलेले वाक्य तिच्या आईच्या तोंडी घालून त्यावर तिकीट लावणे निर्मातीला पटत नव्हते. गायिकेचा आक्षेप त्याहून व्यावहारिक होता. ‘मी सँडी’ म्हटल्यावर श्रोता गाण्यातील प्रत्येक हरकत मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहणार, आणि सँडीची गायकी तर नक्कल करायला फार कठीण: कुजबुजीएवढ्या आवाजावरून एका श्वासात पूर्ण ताकदीवर जाणे, आणि स्वर लावताना तो खालून घसरत आणणे. गायिकेची पट्टीही वेगळी होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच प्रकाशकांकडे रीतसर अर्ज करून मूळ संहिता राखण्याचा होता. दिग्दर्शकाचा आग्रह यावर होता आणि त्याचे म्हणणे दुबळे नव्हते. परवानगी मिळाली असती तर कार्यक्रमाला वजन आले असते. अडचण वेळेची होती. सभागृहांच्या तारखा ठरत आल्या होत्या, आणि उत्तर कधी येईल याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते.

दुसरा पर्याय निवेदन पूर्ण काढून केवळ मैफल करण्याचा. तो सर्वांत स्वस्त आणि निर्धोक होता. त्याला कोणाचाही जोरदार विरोध नव्हता आणि कोणाचा उत्साहही नव्हता.

तिसरा पर्याय दोन बैठकांपुरता चर्चेत होता: काल्पनिक गायिका, नवी गाणी, आणि सँडीच्या आयुष्याशी केवळ साम्य. यात परवानग्यांचा प्रश्न मिटत होता, पण श्रोते ज्यासाठी येणार तेच निघून जात होते.

चौथा पर्याय मराठी वाचकाला इतका परिचित आहे की तो सुचायला वेळ लागला याचेच नवल वाटावे. आपल्याकडे एखाद्या संगीतकारावर किंवा गीतकारावर कार्यक्रम होतो तेव्हा निवेदक बाजूला उभा राहून आठवणी आणि हकिकती सांगतो आणि गायक फक्त गातो. गाणारा कोणी सुधीर फडके असल्याचा आव आणत नाही. इंग्लंडमधील ट्रिब्यूट शोची रूढी मात्र वेशभूषेची आणि नकलेची आहे, त्यामुळे या संस्थेतील लोकांना तृतीयपुरुषी निवेदन रुक्ष वाटत होते. शेवटी हा पर्याय स्वीकारला गेला, आणि व्हायोलिनवादकाला निवेदक करण्यात आले. तो बँडमध्येच बसलेला असल्याने वेगळे मानधन लागणार नव्हते, हेही एक कारण होते.

प्रत्यक्ष कृती

संहिता नव्याने लिहिताना एक नियम ठरवण्यात आला: प्रसिद्ध चरित्रांतून, नोंदींतून किंवा तत्कालीन वृत्तपत्रांतून जे पडताळता येईल तेच निवेदनात येईल, आणि मनातले विचार येणार नाहीत. या नियमाची पहिली कसोटी १२ मे १९६९ च्या अपघाताच्या प्रसंगी लागली. बर्मिंगहॅमच्या ‘मदर्स’ या क्लबमधील कार्यक्रमाहून परतताना फेअरपोर्टची गाडी एम-वन महामार्गावर उलटली. १९ वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल आणि गिटारवादक रिचर्ड टॉम्प्सनची मैत्रीण जिनी फ्रँकलिन यांचा मृत्यू झाला. सँडी त्या गाडीत नव्हती. पहिल्या संहितेत येथे तिचे लांब स्वगत होते. नव्या संहितेत घटना, तारीख, दोन नावे आणि त्यानंतर हॅम्पशायरमधील फार्ली चेंबरलेन येथे भाड्याच्या घरात राहून बँडने नव्या ड्रमवादकासह आणि व्हायोलिनवादक डेव्ह स्वार्ब्रिकसह जुन्या कथागीतांवर केलेले काम, एवढेच राहिले. स्वगत गेल्यामुळे दिग्दर्शक नाराज झाला, पण शोकात बुडालेले तरुण कामाला कसे लागले हे या मांडणीत अधिक दिसते, असे माझे मत आहे.

पारंपरिक गाण्यांचा प्रश्न अनपेक्षितपणे गुंतागुंतीचा निघाला. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ हे सरदाराच्या पत्नीने तरुण प्रियकराला घरी नेण्याचे आणि सरदाराने दोघांना मारण्याचे कथागीत हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या ३०५ कथागीतांच्या संग्रहात ८१ व्या क्रमांकावर आहे. ‘टॅम लिन’ ३९ व्या. शब्दांवर आणि मूळ चालीवर कोणाचा हक्क नाही. पण फेअरपोर्टने गाण्याला दिलेली बांधणी, त्यातील गिटार आणि व्हायोलिनची लांब जुगलबंदी, हे स्वतंत्र संगीत-संयोजन आहे आणि त्यावर हक्क आहे. संस्थेपुढे दोन मार्ग होते. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधील ग्रंथालयात जाऊन जुने पाठ शोधायचे आणि स्वतःची बांधणी करायची, किंवा फेअरपोर्टचीच बांधणी वाजवून गाण्यांच्या यादीत तसे नमूद करायचे. दुसरा मार्ग घेतला गेला. कार्यक्रम आदरांजलीचा असताना संयोजनाचे श्रेय टाळण्यासाठी केलेली बांधणी अप्रामाणिक दिसली असती. ‘रेनार्डिन’ची गोष्ट आणखी निराळी आहे. ते पारंपरिक म्हणून गायले जाते, परंतु फोक पुनरुज्जीवनातील विद्वान आणि गायक ए. एल. लॉइड यांनी त्याच्या पाठात स्वतःची मोठी भर घातली होती, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ‘पारंपरिक’ एवढे लिहून यादीतील चौकट भरणे येथे पुरेसे नव्हते.

मुखपृष्ठाचे नेपथ्य सोडून द्यावे लागले. छायाचित्रावर छायाचित्रकाराचा आणि अल्बमच्या मांडणीवर प्रकाशक कंपनीचा हक्क असतो, आणि ते हुबेहूब उभे करणे हीदेखील नक्कलच. त्याऐवजी एक लाकडी कुंपण आणि एक पियानो एवढेच ठेवण्यात आले. जाणकारांना संदर्भ कळला, बाकीच्यांना ते कुंपण वाटले. जाहिरातीच्या मजकुरात कार्यक्रम अधिकृत नसल्याचे स्पष्ट लिहिले गेले. इंग्लंडच्या कायद्यात व्यक्तीच्या प्रतिमेवर स्वतंत्र हक्क नाही, पण तिचा किंवा तिच्या वारसांचा पाठिंबा असल्याचा खोटा भास निर्माण केला तर दावा लागू शकतो. रिहाना या गायिकेने कपड्यांच्या दुकानदारांविरुद्ध २०१५ मध्ये अपील न्यायालयात याच मुद्द्यावर बाजू जिंकली होती.

शेवटच्या गाण्याचा वाद

सर्वांत जास्त वेळ ज्या निर्णयाला लागला त्याचा कायद्याशी काही संबंध नव्हता. ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज’ हे सँडीचे सर्वांत प्रसिद्ध गाणे आहे. ज्युडी कॉलिन्सने ते १९६८ मध्ये गायले, नीना सिमोननेही गायले, आणि २००७ मध्ये बीबीसी रेडिओ टूच्या श्रोत्यांनी ते सार्वकालिक आवडते फोक-गीत म्हणून निवडले. श्रोते त्याचीच वाट पाहत बसतात, तेव्हा ते शेवटी असावे, हा दिग्दर्शकाचा विचार स्वाभाविक होता. त्याच्याकडे आणखी भक्कम आधारही होता: २७ नोव्हेंबर १९७७ रोजी लंडनच्या रॉयल्टी थिएटरमध्ये सँडीने केलेल्या मैफलीचे जे ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाले, त्यात हे गाणे शेवटीच आहे.

गायिकेचे म्हणणे वेगळे होते. या गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण १९६७ चे आहे. म्हणजे ते वीस वर्षांच्या मुलीने लिहिलेले आहे. मृत्यूच्या निवेदनानंतर ते गायले की श्रोत्याला ते मरणाविषयीचे गाणे वाटते, आणि एका तरुण मुलीने काळाविषयी दाखवलेली प्रौढ समज कोणाच्या लक्षातच येत नाही. गाणे पहिल्या अंकात, त्याच्या खऱ्या जागी असावे, आणि कार्यक्रम १९७७ च्या एखाद्या गाण्याने संपावा, अशी तिची मागणी होती.

माझा कल गायिकेच्या बाजूने आहे, तरी दिग्दर्शकाचा मुद्दा खोडला गेला असे म्हणता येणार नाही. सँडीने स्वतः जो क्रम निवडला होता तो मोडण्याचा अधिकार तिला आदरांजली वाहणाऱ्यांना कोठून येतो, याचे उत्तर गायिकेकडे नव्हते. अखेर गाणे पहिल्या अंकात गेले, कारण ज्याला ते गायचे आहे त्याचे ऐकावे, असे निर्मातीने ठरवले.

मृत्यूच्या निवेदनाविषयी मात्र कोणाचेच दुमत नव्हते. जिन्यावरून पडण्याच्या घटना, मद्यपान, एप्रिलमध्ये नवऱ्याने मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियाला जाणे, बार्न्स येथे मैत्रिणीच्या घरी बेशुद्धावस्थेत सापडणे आणि विंबल्डनच्या रुग्णालयातील मृत्यू, हे सारे तीन वाक्यांत आणि वाद्यांच्या साथीशिवाय सांगितले जाते. जिन्याचे दृश्य गेले ते कायमचे.

परिणाम

दौरा मैफल म्हणून नोंदवला गेल्यामुळे परवान्याचा प्रश्न नेहमीच्या पद्धतीने सुटला. एका सभागृहाने कार्यक्रमाची जाहिरात चरित्रनाट्य म्हणून आधीच छापली होती. बदल कळल्यावर त्यांनी तारीख रद्द केली, आणि त्यांचा राग रास्त होता.

पहिल्या काही प्रयोगांत एक दोष उघड झाला. अपघाताच्या निवेदनानंतर लगेच सँडीचे गाणे येत असल्याने अनेकांचा समज झाला की ती त्या गाडीत होती आणि वाचली. मध्यंतरात लोक तसे बोलत होते. तथ्य एकही चुकीचे नव्हते, पण क्रमाने चुकीचा अर्थ तयार केला होता. ‘सँडी दुसऱ्या गाडीने निघाली होती’ या अर्थाचे एक वाक्य वाढवल्यावर ते थांबले. तिला पूर्वी ऐकलेले वयस्क श्रोते निवेदकाला भेटून तारखा आणि ठिकाणे दुरुस्त करू लागले, आणि त्यांतील पडताळता आलेल्या गोष्टी पुढच्या प्रयोगांत घेतल्या गेल्या. प्रथमपुरुषी नाट्यात ही सोय नसती.

दुसरा अंक मात्र ढिला राहिला. १९७१ नंतरची वर्षे म्हणजे अल्बम, दौरे, अपेक्षेपेक्षा कमी विक्री, पुन्हा अल्बम. त्याला घटनांचे टोक नाही. मनातले विचार वर्ज्य केल्यावर निवेदकाकडे येथे नुसती नावे आणि वर्षे उरली, आणि काही श्रोत्यांनी ते ज्ञानकोश वाचल्यासारखे वाटले असे सांगितलेही. पहिली संहिता येथे नक्कीच सरस होती. सर्वांत प्रसिद्ध गाणे पहिल्या अंकातच होऊन गेल्यामुळे शेवटी टाळ्या पडत, पण लोक रेंगाळत, जणू आणखी एक गाणे व्हायचे राहिले आहे.

काय वेगळे करता आले असते

मैफल की नाटक हा प्रश्न अर्जात भेटण्याआधी संहितेच्या पहिल्या पानावर विचारला गेला असता, तर दिग्दर्शकाचे बरेच श्रम वाचले असते. प्रकाशकांना पत्र लिहायला पैसे लागत नाहीत. तारखा ठरवण्यापूर्वी, संहितेचा एक अंक तयार होताच ते लिहिले असते तर निदान पहिला पर्याय खराखुरा पर्याय राहिला असता. नंतर तो केवळ नाव घेण्यापुरता उरला.

सगळे ‘मी’ किंवा सगळे ‘ती’ अशी निवड करण्याची गरज होती का, हाही प्रश्न आहे. सँडीने मुलाखतींत सांगितलेली वाक्ये, जेथे ती उद्धृत करण्याची परवानगी मिळेल तेथे, निवेदकाने वाचून दाखवता आली असती. तिचे शब्द तिचेच राहिले असते आणि दुसऱ्या अंकात माणसाचा आवाज आला असता. हा मार्ग चर्चेत आलाच नाही, कारण दोन्ही पक्ष आपापल्या सर्वनामाला धरून बसले होते.

महाराष्ट्रात असे कार्यक्रम करणाऱ्यांसाठी एक फरक नोंदवणे उपयुक्त ठरेल. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि गीतकार व संगीतकारांच्या वतीने परवाने देण्याचे काम आयपीआरएस ही संस्था करते. निवेदन आणि गाणी हा आपला ढाचा बहुतेक वेळा मैफलीच्या बाजूला राहतो. पण परदेशी गाण्याचे मराठी भाषांतर करून गायचे ठरवले तर भाषांतराची परवानगी हा वेगळा विषय होतो, आणि सभागृहाचा परवाना तो भागवत नाही.

सद्यःस्थिती अशी की पुढील दौऱ्यासाठी संस्थेने दुसऱ्या अंकातील दोन गाण्यांपुरती नाट्यमय वापराची परवानगी मागितली आहे. प्रकाशकाने त्या गाण्यांच्या आधीची आणि नंतरची पाने मागवली, आणि दिग्दर्शक ती पुन्हा लिहितो आहे. तोपर्यंत सभागृहांच्या अर्जात खूण एकाच चौकटीवर, मैफलीच्या, केली जाते.